टँकमधलं कोरल गेलं कुठे? रीफ टँकमधल्या बेपत्ता कोरलचा तपास

रीफ टँकमधून, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या घरगुती मत्स्यालयातून, एखादं कोरल (प्रवाळ) नाहीसं झालं की पहिला आळ खेकड्यावर येतो आणि दुसरा ब्रिसल वर्म या केसाळ कृमीवर. दोघंही रात्री फिरतात, दिसायला ओंगळ असतात आणि टॉर्चच्या उजेडात नेमके त्या उघड्या पडलेल्या सांगाड्यावरच सापडतात. मग चिमटा येतो, खेकड्याची उचलबांगडी होते, आणि आठ-दहा दिवसांनी आणखी एक फ्रॅग, म्हणजे कोरलचा लावलेला छोटा तुकडा, दिसेनासा होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

कोरल नाहीसं होण्याच्या वाटा मोजक्याच आहेत. ते जागचं हलतं, किंवा त्याला कोणीतरी खातं, किंवा ते मरतं आणि मेल्यावर टँकमधली सफाई करणारी मंडळी त्याचा फडशा पाडतात. कधीकधी ते कुठेच गेलेलं नसतं, फक्त मिटून बसलेलं असतं. आधी मरण आणि मग फडशा, हा प्रकार माझ्या मते सर्वांत जास्त घडतो आणि संशय मात्र त्याचाच सर्वांत कमी घेतला जातो. चोर शोधायच्या नादात पाण्याची क्षारता, म्हणजे मिठाचं प्रमाण, मोजायची राहून जाते. म्हणून खालचा क्रम निरुपद्रवी तपासण्यांपासून सुरू होतो. खडक उपसणं, औषध टाकणं, मासे काढणं हे सगळं शेवटी.

हात घालण्याआधी

काहीही हलवण्याआधी आहे तसं चित्र टिपून घ्या. पंप पाच-दहा मिनिटं बंद ठेवा, निळे दिवे कमी करून पांढरा उजेड वाढवा आणि रिकाम्या जागेचे समोरून, वरून, दोन्ही बाजूंनी फोटो काढा. मग फोनमधले जुने फोटो उघडा. टँक पाळणाऱ्यांच्या फोनमध्ये घरच्या माणसांपेक्षा टँकचेच फोटो जास्त असतात, ते इथे कामी येतात. महिन्यापूर्वीचा फोटो आजच्याशी ताडून पाहिला की बरेचदा लक्षात येतं की कोरल काल रात्रीत गेलेलं नाही. ते पंधरा-वीस दिवस आक्रसत चाललं होतं, रोज बघणाऱ्या डोळ्याला ते जाणवलं नाही इतकंच. हळूहळू आक्रसणं आणि एका रात्रीत नाहीसं होणं यांचे संशयित पूर्णपणे वेगळे आहेत. हा भेद आधी पक्का करा.

त्याच बैठकीत गेल्या महिन्याभरात काय काय बदललं ते कागदावर उतरवा. नवीन मासा, नवीन कोरल, नवीन दिवा किंवा दिव्याची बदललेली वेळ, मिठाची नवी बादली, डोसिंगमध्ये (पाण्यात घालायच्या खनिजांच्या मात्रेत) फेरफार, वीज गेलेली रात्र, खोलीत मारलेला कीटकनाशकाचा फवारा. स्मरणशक्तीवर विसंबू नका. नंतर एखादा संशयित सापडला की बाकीचं सगळं डोक्यातून पुसलं जातं.

जागेवर काय उरलंय?

प्लगसकट, म्हणजे फ्रॅग ज्यावर चिकटवतात त्या बैठकीसकट, सगळंच गेलं असेल तर खाल्लं जाण्याची शक्यता जवळपास सोडून द्या. सिमेंटचा किंवा सिरॅमिकचा प्लग कोणी खात नाही. तो पडला, ढकलला गेला किंवा उचलून नेला गेला. प्लग आणि गोंद जागेवर, पण वरची फांदी मुळाशी कडकन तुटलेली असेल तर ती धडक समजा. धडक गोगलगायीची असू शकते, मोठ्या माशाची असू शकते, आणि काच पुसताना तुमच्या कोपराचीही असू शकते.

सांगाडा उरला असेल तर त्याचा रंग बघा. टिश्यू, म्हणजे वरचा जिवंत थर, नुकताच गेलेला सांगाडा पांढराशुभ्र असतो. काही दिवसांतच त्यावर तपकिरी-हिरवट साय धरते, पुढे शेवाळाची लव येते. एकाच फांदीवर खाली शेवाळ, मध्ये पांढरा पट्टा आणि वर जिवंत रंग असेल तर नुकसान खालून वर चढतंय आणि अजून थांबलेलं नाही. पांढरा पट्टा नसून जिवंत टिश्यूची कड थेट जुन्या शेवाळाला भिडलेली असेल तर ती जखम जुनी आहे, कदाचित भरूनही येत असेल.

पांढरं दिसणारं प्रत्येक कोरल मेलेलं नसतं, हेही इथेच बघून घ्या. ब्लीच झालेल्या कोरलच्या अंगातली शैवालं निघून गेलेली असतात, पण टिश्यू शाबूत असतो. भिंगातून किंवा फोनच्या मॅक्रो लेन्समधून पाहा: सांगाड्यावर ओलसर, पारदर्शक थर आणि बारीक पॉलिप (कोरलची फुलासारखी इवली तोंडं) दिसत असतील तर ते जिवंत आहे आणि सावरू शकतं. सांगाड्याच्या कडा कोरड्या हाडासारख्या तीक्ष्ण दिसत असतील तर खेळ संपला. ब्लीच झालेलं कोरल मेलं म्हणून काढून टाकलं जातं तेव्हा खरंच वाईट वाटतं.

प्लग जागेवर आणि त्यावर काहीच नाही, सांगाडाही नाही, असं चित्र झोअँथिड, मशरूम, झेनिया अशा सॉफ्ट कोरलबाबतीत दिसतं. त्यांना दगडी सांगाडा नसतो, त्यामुळे मागे पुरावा राहत नाही. झोअँथिड रुसले की कित्येक दिवस मिटून राहतात आणि शेवाळाच्या थरात नुसत्या तपकिरी गाठींसारखे दिसतात. टर्की बास्टरने, म्हणजे रबरी फुग्याच्या मोठ्या ड्रॉपरने, हलका फवारा मारून बघा; गाठी टणक आणि घट्ट चिकटलेल्या असतील तर ते गेलेले नाहीत.

हललेलं कोरल कुठे शोधायचं

शोध सुरू करण्याआधी दोन गोष्टी. पाण्यात हात घालताना हीटर आणि पंप बंद करा. आणि हातमोजे व चष्मा घाला. झोअँथिड आणि विशेषतः पॅलिथोआ यांच्यातल्या काही प्रकारांत पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. हाताला कापलेलं असताना, किंवा चिरडलेल्या पॉलिपचं पाणी डोळ्यात उडाल्यावर गंभीर इजा झाल्याच्या घटना आहेत. असे खडक कधीही उकळत्या पाण्यात टाकू नका, त्यांवर गरम पाणी ओतू नका. त्या वाफेने घरातल्या सगळ्यांना दवाखाना गाठावा लागू शकतो. ही सूचना अतिशयोक्तीची वाटते, पण नाही.

आता शोध. आधी रिकाम्या जागेच्या सरळ खाली, मग प्रवाह ज्या दिशेला वाहतो तिकडे. खडक आणि मागची काच यांमधली चिंचोळी फट, कमानीखालचा अंधार, प्रवाह देणाऱ्या वेव्हमेकर पंपाची जाळी, पाणी खाली उतरतं ती ओव्हरफ्लोची पेटी, सम्पमधला (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीतला) फिल्टर सॉक, या ठिकाणी बहुतेक वस्तू सापडतात. मशरूमसाठी तर ओव्हरफ्लो आणि सम्प बघितल्याशिवाय शोध संपवूच नका. जागा आवडली नाही की मशरूम आपणहून बूड सोडतं आणि पाण्याबरोबर तरंगत जातं. ते मेलेलं नसतं. बारीक दगडांच्या वाटीत, मंद प्रवाहात, वर जाळी टाकून ठेवलं तर एक-दोन आठवड्यांत दगडाला धरतं.

वाळूत पुरलं गेलेलं कोरल नजरेला पडत नाही. डायमंड गोबीसारखे वाळू चाळणारे मासे तोंडात वाळू भरून वर जातात आणि खाली बसलेल्या कोरलवर ती सोडतात. रोज थोडी थोडी करत अख्खं कोरल झाकलं जातं. पिस्टल श्रिंप आणि त्याच्यासोबत राहणारा गोबी बिळाला आधार म्हणून दगड, शिंपले, आणि हाताला लागला तर तुमचा फ्रॅगही ओढून नेतात. या जोडीच्या बिळाच्या तोंडाशी टॉर्च मारून बघा.

सगळ्यांत गमतीचा संशयित म्हणजे टक्सेडो अर्चिन. निळ्या-काळ्या मखमलीवर पट्टे ओढल्यासारखा हा गोळा अंगावर काहीतरी पांघरून फिरतो: शिंपला, शेवाळाचा तुकडा, आणि सुटा फ्रॅग मिळाला तर तोही. काट्यांमधून बाहेर आलेल्या बारीक नळीसारख्या पायांनी तो वस्तू एका बाजूने वर सरकवत डोक्यावर नेतो, आणि मग खडकाच्या मागच्या बाजूला चालता होतो. फ्रॅग तिथे दोन दिवस उलटा, अंधारात पडून राहतो आणि आपण खेकड्याच्या नावाने खडे फोडत बसतो. टर्बो गोगलगायी काही उचलत नाहीत. त्या फक्त सरळ चालतात आणि वाटेत येणारं सैल सामान ढकलून देतात. मोठे हर्मिट क्रॅबही तसेच.

पडलेलं कोरल सापडलं तर गुन्हेगार शोधण्यापेक्षा गोंद सुधारा. जेलसारखा घट्ट सुपरग्लू प्लगच्या तळाला लावा, त्यावर इपॉक्सी पुट्टीची छोटी गोळी, गोळीवर पुन्हा ग्लू, आणि खडकाची ती जागा ब्रशने साफ करून किंचित पिळ देत दाबा. नुसती पुट्टी ओल्या खडकाला नीट धरत नाही आणि नुसता ग्लू खाचखळगे भरत नाही. दोन्ही एकत्र वापरले की टर्बोचा धक्का सहज सोसतात.

ते खाल्लं गेलं की आधीच मेलं होतं?

सफाई करणारे प्राणी किती वेगाने काम करतात याचा अंदाज नसेल तर फसगत ठरलेली. एलपीएस कोरलचा (मोठे पॉलिप असलेल्या दगडी कोरलचा) मावळत चाललेला एखादा पॉलिप ब्रिसल वर्म, अँफिपॉड, नॅसारियस गोगलगायी आणि हर्मिट मिळून एका रात्रीत साफ करतात. सकाळी दिसतो तो स्वच्छ सांगाडा. त्यामुळे सांगाड्यावर कोण बसलंय यापेक्षा त्याच्या आदल्या दिवशी कोरल कसं दिसत होतं हा प्रश्न जास्त मोलाचा आहे. ते फुलत नव्हतं, टिश्यू सांगाड्यावरून ओघळत होता, रंग फिका पडला होता, अशी कुठलीही आठवण असेल तर चोराचा विषय बाजूला ठेवून पाण्याची चाचणी करा.

मरणाची चाल ओळखता येते. ॲक्रोपोरासारख्या एसपीएस, म्हणजे बारीक पॉलिपच्या दगडी, कोरलचा टिश्यू काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत पापुद्र्यासारखा सुटून पाण्यात वाहून गेला तर त्याला रॅपिड टिश्यू नेक्रोसिस, म्हणजे आरटीएन म्हणतात. बुडापासून वर, आठवडे घेत सरकणारा पांढरा पट्टा म्हणजे एसटीएन, स्लो टिश्यू नेक्रोसिस. आरटीएन सुरू झालं की निरोगी टोकं तोडून वेगळी लावणं हाच एक व्यवहार्य मार्ग उरतो, तोही दर वेळी यशस्वी होत नाही. युफिलिया या एलपीएस कोरलवर तपकिरी, लिबलिबीत जेली दिसली तर तो ब्राउन जेली रोग. हा शेजाऱ्यांना लागतो. पंप बंद करून ती जेली नळीने ओढून घ्या आणि तो फांदीचा भाग टँकमधून बाहेर काढा. बास्टरने फुंकर मारून ती टँकभर उडवू नका.

आणखी एक प्रकार फार कमी जणांना माहीत असतो. ताणाखाली काही कोरलचे पॉलिप सांगाडा सोडून स्वतःच निघून जातात. युफिलिया आणि पोसिलोपोरामध्ये हे दिसतं. सांगाडा कोरा, जखमेचा मागमूस नाही, आणि पॉलिप मात्र कुठेतरी वाळूवर जिवंत पडलेला. बघणाऱ्याला वाटतं, कोणीतरी सफाईने उपसून खाल्लं. हे पॉलिप अलगद गोळा करून मंद प्रवाहाच्या डब्यात ठेवता येतात, पण खरी खबर ती आहे की पाण्यात, उजेडात किंवा प्रवाहात काहीतरी जोरात बिघडलंय.

मोजायचं काय? आधी क्षारता, कारण ती चुकली की बाकीचे आकडेही फसवतात. ३५ पीपीटी, म्हणजे विशिष्ट गुरुत्व साधारण १.०२६, हे लक्ष्य. रिफ्रॅक्टोमीटर शुद्ध पाण्यावर शून्य दाखवतो म्हणून तो बरोबर आहे असं नसतं. ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावर तो तपासा. मग तापमान, २४ ते २७ अंश सेल्सियसच्या दरम्यान, आणि दिवस-रात्रीत मोठी तफावत नको. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं प्रमाण, ७ ते ११ डीकेएचमध्ये (हे तिचं एकक) कुठेही चालेल, पण एका दिवसात १ डीकेएचपेक्षा जास्त हलायला नको. कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, मॅग्नेशियम १२५० ते १४०० पीपीएम. नायट्रेट आणि फॉस्फेट जास्त असल्याची काळजी सगळेच करतात. ते दोन्ही शून्यावर आल्याची काळजी कोणी करत नाही, आणि उपाशी कोरल फिकं पडत पडत संपतं.

माझा अनुभव असा की एकदाच केलेली चाचणी फारसं सांगत नाही. सकाळी दिवे लागण्याआधी आणि संध्याकाळी, असे चार-पाच दिवसांचे अल्कलिनिटीचे आकडे लिहून काढा. डोसिंग पंप अडखळतोय किंवा उडून गेलेलं पाणी भरून काढणाऱ्या टॉप-ऑफचा सेन्सर चिकटतोय हे तिथेच उघडं पडतं. औषधी तांबं कधी त्या टँकमध्ये गेलं असेल, किंवा गंज धरलेला क्लॅम्प, मॅग्नेट पाण्यात असेल, तर तोही धागा ओढून बघा.

शेजारी

कोरलची एकच बाजू, आणि तीही नेमकी शेजाऱ्याकडची, पांढरी पडली असेल तर ती चोरी नव्हे, मारामारी. गॅलॅक्सिया कोरलचे स्वीपर, म्हणजे डंख मारणारे लांब धागे, रात्री वीतभर लांब पोचू शकतात. दिवसा ते दिसतसुद्धा नाहीत. युफिलिया, हिडनोफोरा, फेव्हिया हेही तसेच. दिवे गेल्यावर दोन तासांनी त्या फटीत टॉर्च मारा, पारदर्शक धागे दिसतील. अंतर वाढवा. लेदर कोरलसारखे सॉफ्ट कोरल पाण्यात रसायनं सोडून दूरच्यांनाही छळतात. मिश्र टँकमध्ये अॅक्टिव्हेटेड कार्बन नियमित बदलत राहणं एवढाच त्यावर सोपा तोडगा.

रात्रीची पाळत

आता, इतकं सगळं बघून झाल्यावर, टॉर्च घ्या. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावा. टँकमधल्या बऱ्याच रात्रीच्या जिवांना लाल उजेड फारसा जाणवत नाही. दिवे गेल्यावर एक-दोन तासांनी एकदा आणि पहाटे दिवे लागण्याआधी एकदा बघा. खुर्ची ओढून शांत बसा. काचेवर टकटक केलीत की सगळे बिळात.

काय दिसलं तर काय समजायचं? गुलाबी-तपकिरी, बारीक केसांचे ब्रिसल वर्म जवळपास सगळे निरुपद्रवी सफाई कामगार असतात. अपवाद हर्मोडिसी नावाच्या फायरवर्मचा; तो जाड असतो, पांढऱ्या केसांचे झुबके फुलवतो आणि जिवंत कोरलच्या टोकावर तोंड खुपसून बसलेला दिसतो. कोणताही वर्म नुसत्या हाताने धरू नका. खेकड्यांत केसाळ पाय आणि काळ्या टोकांच्या नांग्या असलेले संशयास्पद. पण पोसिलोपोराच्या फांद्यांमध्ये बसणारे गुळगुळीत, चकचकीत ट्रॅपिझिया खेकडे त्या कोरलचे राखणदार आहेत, त्यांना हात लावू नका. डेकोरेटर क्रॅब झोअँथिड खुडून स्वतःच्या पाठीवर लावतो; हलणारा झोअँथिड दिसला तर खाली पाय आहेत का बघा.

झोअँथिड हळूहळू कमी होत असतील तर तीन नावं लक्षात ठेवा. काळ्या-पांढऱ्या चौकटींची, वरून चपटी गोल सनडायल गोगलगाय. ज्या झोअँथिडवर जगते त्याचाच रंग घेणारी बारीक न्यूडिब्रँक, म्हणजे बिनशंखाची समुद्री गोगलगाय. आणि पायांचा जुडगा असावा तसा दिसणारा समुद्री कोळी. हे तिन्ही दिवसा झोअँथिडच्या बुंध्यात, चटईच्या दुमडीत दडतात. श्रिंपमध्ये पेपरमिंट समजून आणलेला कॅमल श्रिंप ही नेहमीची गफलत: मोठे डोळे, पाठीवर कुबड, आणि लाल अंगावर ठळक पांढऱ्या रेघा-ठिपके. तो पॉलिप खुडतो.

ॲक्रोपोराचा रंग उडत चाललाय, पॉलिप बाहेर येत नाहीत, पण पाणी ठीक आहे, अशा वेळी ॲक्रोपोरा खाणाऱ्या फ्लॅटवर्मचा, म्हणजे चपट्या कृमीचा, संशय घ्या. फांदी उजेडासमोर तिरपी धरली की टिश्यूवर मिलिमीटरभर व्यासाचे फिकट गोल ठिपके दिसतात, जणू कोणी टाचणीच्या डोक्याने शिक्के मारलेत. ते चावे. कृमी स्वतः दिसत नाही, कारण ती कोरलच्याच रंगाची आणि कागदाइतकी पातळ असते. कॉलनी पांढऱ्या ट्रेमध्ये टँकच्याच पाण्यात धरून बास्टरचा जोरदार फवारा मारला की लंबगोल, पारदर्शक पापुद्रे सुटून ट्रेमध्ये पडतात आणि क्षणभराने कडा वळवत सरपटू लागतात. मग बुंध्याजवळच्या मेलेल्या भागावर सोनेरी-तपकिरी अंड्यांचे पुंजके शोधा. माँटिपोरावर हेच काम काही मिलिमीटरच्या पांढऱ्या न्यूडिब्रँक करतात, त्या प्लेटच्या खालच्या बाजूला आणि जिवंत-मेलेल्या टिश्यूच्या सीमेवर असतात.

बिळात दडून शिकार करणाऱ्या लांबलचक बॉबिट वर्मची भीती सगळ्यांना असते, तो सापडतो मात्र क्वचित. २००९ मध्ये इंग्लंडमधल्या कॉर्नवॉल परगण्यातल्या न्यूकी इथल्या ब्लू रीफ मत्स्यालयात कोरल तुटलेली, कुरतडलेली सापडत होती. कर्मचाऱ्यांनी शेवटी खडक एकेक करत उपसले तेव्हा सुमारे चार फुटांचा वर्म बाहेर आला. तो लाइव्ह रॉकमधूनच (समुद्रातून जीवांसकट आणलेल्या खडकातूनच) पिल्लू असताना आला असावा. घरच्या टँकमध्ये त्याच्या कुळातले छोटे युनिसिड वर्म येतात. ओळखायचं तर बिळातून फक्त डोकं बाहेर, त्यावर पाच शिंगं, अंगावर इंद्रधनुषी झाक, आणि उजेड पडताच झटकन आत. टँकमधून टकटक आवाज येतो तो मात्र वर्मचा नव्हे, पिस्टल किंवा मँटिस श्रिंपचा.

दिवसाचे चोर

माशांवर पाळत ठेवायची तर तुम्ही समोर असून उपयोग नाही. तुम्ही दिसलात की ते खाण्याच्या आशेने काचेला चिकटतात. फोन स्टँडवर लावा, तास-दोन तासांचं रेकॉर्डिंग करा आणि दुप्पट वेगाने बघा. बटरफ्लाय फिश, बहुतेक एंजल, ट्रिगर, पफर यांच्याबद्दल कोणी सांगायला नको. ड्वार्फ एंजल वर्षभर साधा राहतो आणि एके दिवशी एलपीएस टोचायला लागतो. फॉक्सफेस उपाशी राहिला की झोअँथिडकडे वळतो. त्याला नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) वाढवून बघा, निम्म्या वेळा प्रश्न तिथेच मिटतो. क्लीनर श्रिंप कोरल खात नाही, पण ब्रेन कोरलच्या तोंडातला घास ओढून काढताना टिश्यू फाडतो.

डब्याची कसोटी

इतकं करूनही काही हाती लागलं नाही तर अंदाज बांधत बसू नका. त्याच जातीच्या कोरलचे दोन तुकडे घ्या. दोन्ही डिप करून, म्हणजे कीड मारणाऱ्या द्रावणात बुडवून, घ्या, म्हणजे त्यांच्या अंगावरची कीड निकालाचा घोळ करणार नाही. एक तुकडा भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात किंवा बारीक जाळीच्या पेटीत ठेवा, दुसरा त्याच उंचीवर, त्याच उजेडात, पण उघडा, आणि दोन आठवडे थांबा.

उघडा गेला आणि बंद वाचला तर खाणारा किंवा उचलणारा आहे, आणि आता त्याला पकडण्यात अर्थ आहे. दोन्ही खंगले तर टँकमध्ये कोणीही चोर नाही. पाणी, उजेड किंवा रोग बघा. दोन्ही मजेत असतील तर दोष मूळ जागेचा होता: तिथला प्रवाह, सावली किंवा शेजारी. डब्यात प्रवाह थोडा कमी पडतो आणि भोकांवर शेवाळ धरतं, ते दर दोन दिवसांनी पुसा. ही कसोटी कंटाळवाणी आहे हे मान्य. पण अर्धा टँक उपसून निष्पाप खेकडे काढण्यापेक्षा पुष्कळ स्वस्तात पडते.

पकडणं आणि साफ करणं

खेकडा पकडायला काचेचा गुळगुळीत ग्लास खडकाला तिरपा टेकवा, तळाशी कोळंबीचा तुकडा. तो आत उतरतो, वर चढू शकत नाही. बिळातून निघतच नसेल आणि तो दगड सुटा असेल तर दगड बादलीवर धरून बिळात सोडा वॉटरची पिचकारी मारा. जवळ कोरल चिकटलेलं असेल तर हा उपाय टाळा. माशासाठी दार असलेला ॲक्रिलिकचा सापळा लावा आणि पहिले काही दिवस नुसतं त्यात खायला घाला, दार पाडू नका. घाई केली की तो मासा पुन्हा त्या सापळ्याजवळ फिरकत नाही.

किडीसाठी डिप. टँकचंच पाणी वेगळ्या भांड्यात घ्या, कोरल डिपच्या बाटलीवर लिहिलेलं प्रमाण आणि वेळ पाळा, मधूनमधून बास्टरने फवारा मारा, मग दुसऱ्या भांड्यात खंगाळा. डिपचं पाणी टँकमध्ये परत जाता कामा नये. मुद्दा अंड्यांचा: डिपने कृमी मरतात, अंडी मरत नाहीत. फ्लॅटवर्मची अंडी रीफच्या तापमानाला साधारण दीड-दोन आठवड्यांत उबतात, त्यामुळे एकदा डिप करून निश्चिंत झालेला माणूस महिन्याभरात पुन्हा तिथेच येतो. दर पाच-सात दिवसांनी डिप, किमान पाच-सहा वेळा, आणि दर वेळी भिंगाने बुंधा तपासून अंडी खरवडून काढायची. जुना प्लग फेकून द्या आणि मेलेला बुंधा तोडून नव्या प्लगवर लावा. सिक्स-लाइन किंवा पिवळा कोरिस रॅस हे मासे कृमी टिपतात, पण अंड्यांना ते हात लावत नाहीत. मदतनीस म्हणून ठेवा, इलाज म्हणून नको.

नवीन फ्रॅग थेट मुख्य टँकमध्ये लावण्याऐवजी छोट्या क्वारंटाइन टँकमध्ये किमान सहा आठवडे ठेवा. त्यात वाळू आणि खडक घालू नका. उघड्या काचेचा तळ आणि पांढरा रॅक असला की गळून पडलेली कृमी, गोगलगाय किंवा अंड्यांचा पुंजका दुसऱ्याच दिवशी नजरेला येतो.